दुखणे मनाचे, उपचार संवादाचा

आमच्या पनवेलच्या धर्मग्रामात एक लहानसे वाचकमंडळ आहे. महिन्यातील एका रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, चर्चच्या आवारातील सभागृहात आम्ही पंधरा-वीस जण जमतो. निवृत्त शिक्षक, परिचारिका, सिडकोच्या वसाहतींत राहणाऱ्या गृहिणी आणि आठवड्याचे सहा दिवस पहाटेची लोकल गाठून मुंबईस जाणारी तरुण मंडळी असा हा मेळा असतो. गेल्या पावसाळ्यात चर्चेसाठी दोन कलाकृती ठरविल्या होत्या. एक होती अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी आणि दुसरा होता सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट. दोहोंचाही विषय मनाचे दुखणे आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट हाच.

चर्चा रंगली. बाहेर पाऊस कोसळत असल्याने उठण्याची घाई कोणालाच नव्हती. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका भगिनीने प्रश्न केला : “पुस्तकातला माणूस जगप्रसिद्ध आहे. चित्रपटातला मुलगा जीव द्यायला निघालेला आहे. पण ज्याला नुसतेच काही करावेसे वाटत नाही, रात्री झोप येत नाही, विनाकारण छातीत धडधडते, आणि तरीही जो सकाळी उठून डबा भरतो, कामावर जातो, रविवारी मिस्साला येतो, त्याच्याविषयी कोणी काही लिहिले आहे का?”

त्या वेळी कोणापाशीच उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या प्रकाशात या दोन कलाकृतींकडे पुन्हा एकदा पाहण्याचा प्रयत्न आहे.

१.

मनाशी बोलणे मराठी माणसाला नवे नाही. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ लिहिले, त्यांत २०५ श्लोकांमधून मनालाच समजावले आहे. आपल्या पवित्र शास्त्रातही तसे आहे. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्याच जिवाला त्याच्या खिन्नतेचे कारण विचारतो आणि स्वतःच त्याला धीर देतो. या परंपरेवर आपण वाढलो. त्यामुळे मन खचले की ते मनातल्या मनात सावरायचे, फार तर देवापुढे मोकळे करायचे, अशी आपली रीत झाली. मनाशी बोलण्यात आपण तरबेज आहोत; मनाविषयी दुसऱ्या माणसाशी बोलण्याची मात्र आपल्याला सवय नाही.

आपल्या शब्दांतच याची खूण सापडते. ‘नैराश्य’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. घरात वापरत नाही. घरात आपण म्हणतो, ‘करमत नाही’, ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, आणि अलीकडे सरसकट ‘टेन्शन आलंय’. पुष्कळदा तेवढेही म्हणत नाही. डोके दुखते, पित्त झाले, अंग मोडून येते, असे सांगून डॉक्टरांकडे जातो. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगितले की त्यात लाज वाटत नाही.

वैद्यकशास्त्राची कसोटी मात्र साधी आहे. उदासी किंवा नेहमीच्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे हे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, टिकून राहिले, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा यांच्या तक्रारी असल्या, तर ते केवळ स्वभावाचे लक्षण नव्हे. दुखण्याने माणसाचे रोजचे व्यवहार थांबत नाहीत, पण जड होतात, तेव्हा त्यास सौम्य म्हणतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष असा, की भारतात सुमारे वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा विकार झालेला असतो आणि मनोविकार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आमच्या चर्चमध्ये एका बाकावर सहा-सात जण बसतात. म्हणजे दर तीन बाकांमागे असा एक जण बसलेला असणार.

सौम्य दुखण्यासाठी पहिला उपचार गोळीच असावा असे नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये असा सल्ला दिला, की कमी तीव्रतेच्या नैराश्यात रुग्णाची स्वतःची तशी इच्छा नसेल तर सरसकट औषधाने सुरुवात करू नये. संवादाचे व वर्तनाचे उपचार आधी द्यावेत. साधारण आठ बैठकांचा हा उपचार असतो. आता या संवादात नेमके काय घडते, हे साहित्याने दाखवायचे असते. आपल्या दोन कलाकृती तेथवर कितपत पोहोचतात ते पाहू.

२.

अल्बर्ट एलिस यांचा जन्म १९१३ चा. मृत्यू २००७ चा. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने ते वारंवार रुग्णालयात राहिले. एकदा तर कित्येक महिने. आईवडील क्वचितच भेटीस येत. पुढे त्यांनी मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले, ती पद्धत काही वर्षे चालविली, आणि तिच्या संथपणाला कंटाळून १९५५ च्या सुमारास स्वतःची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईचे मानसतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजविली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्यसंस्थेनेही विवेकाचा हा विचार मराठी माणसाच्या ओळखीचा केला. ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी या परंपरेतून आलेली आहे.

लेखिकेने प्रथमपुरुषी निवेदन निवडले, हे या पुस्तकाचे बळ आहे. उपचारपद्धतीची पाठ्यपुस्तके आपल्याला उपदेश करतात. येथे मात्र एक माणूस आधी स्वतःवर प्रयोग करतो आणि मग दुसऱ्यांना सांगतो. एलिस यांच्या आयुष्यातील बागेचा प्रसंग प्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षांचा हा लाजाळू तरुण अनोळखी स्त्रीशी बोलायला भीत असे. त्याने स्वतःला आज्ञा केली, की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचे. एलिस यांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे १३० पैकी ३० जणी उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. भेटीचे वचन एकीनेच दिले, आणि तीही आली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने प्रयोग पूर्ण फसला. परंतु नकाराने आकाश कोसळत नाही, हे त्याला कळले आणि भीती गेली.

हा प्रसंग विनोदी आहे, म्हणूनच तो उपयोगी आहे. आपल्याकडे मनाच्या दुखण्याविषयी जे लिहिले जाते त्यात गांभीर्य इतके दाटलेले असते, की वाचकाला वाटते, आपले दुखणे एवढे थोर नाही. एलिस यांच्या कथेत दुखण्याचा आकार माणसाएवढाच राहतो.

परंतु ज्या निवडीत या पुस्तकाचे बळ आहे, तिच्यातच त्याची मर्यादाही आहे. कथा ‘मी’ची असल्यामुळे एलिस यांच्यासमोर बसणारी माणसे आपल्याला त्यांच्याच तोंडून भेटतात. उपचार हा दोघांचा संवाद असतो. आत्मनिवेदन हे एकाचे भाषण. समोरच्या खुर्चीत बसलेल्याला पहिल्या दिवशी काय वाटले? बोलता बोलता तो कोठे अडखळला? तज्ज्ञाच्या प्रश्नाने तो दुखावला का? तिसऱ्या आठवड्यात येऊच नये असे त्याला वाटले का? हे सारे निवेदकाच्या नजरेपलीकडे राहते. उपचार देणाऱ्याचे चरित्र मराठीत आले, याचा आनंद आहेच. उपचार घेणाऱ्याचे चरित्र अजून यावयाचे आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्या भगिनीने ज्या माणसाचे वर्णन केले, तो काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकच होता. निवृत्तीनंतरचे ते दुसरे वर्ष. झोप पहाटे तीनला मोडे. हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष निघाला. ओळखीच्या एका गृहस्थाने ‘रिकामपणाचे चोचले’ असे म्हटले, आणि मलाही ते पटले होते. अखेर पत्नीच्या आग्रहाने एका समुपदेशिकेकडे जाऊ लागलो. दहा शनिवार गेलो. पहिल्या दिवशी माझ्या बोलण्याचा ओघ थांबल्यावर तिने एवढेच विचारले, “सर, तुमच्या एका वाक्यात ‘पाहिजे’ किती वेळा आले?” मी मराठीचा शिक्षक, मला माझ्याच वाक्याचे पृथक्करण करावयास सांगितले होते. त्याच काळात हे पुस्तक हाती आले आणि त्या प्रश्नामागचे शास्त्र उमगले.

३.

ते शास्त्र मराठीत समजून घेणे इंग्रजीपेक्षा सोपे आहे, असे माझे मत आहे. कारण आपल्या भाषेत ‘च’ आहे.

एलिस यांचे म्हणणे असे, की प्रसंग आपल्याला थेट खचवीत नाही. प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये आपली एक समजूत उभी असते. समजूत जर इच्छेची असेल, तर इच्छा मोडल्यावर दुःख होते, आणि तेवढे दुःख निरोगी असते. समजूत जर हट्टाची असेल, तर दुःखाचे नैराश्य होते, साध्या काळजीची भयग्रस्त चिंता होते. आता मराठीत पाहा. ‘मुलाला बारावीत चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत’ हा हट्ट झाला. ‘लोकांनी मला मान द्यावा’ आणि ‘लोकांनी मला मान दिलाच पाहिजे’. ‘माझ्या हातून चूक होऊ नये’ आणि ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये’. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरावर रात्रीची झोप अवलंबून असते. तज्ज्ञ आपल्याबरोबर बसून हा ‘च’ शोधतो आणि त्याला पुरावा मागतो : असे झालेच पाहिजे, हा नियम कोठे लिहिला आहे? नाही झाले तर ते अप्रिय आहे की असह्य?

आमच्या मंडळातील काहींनी येथे आक्षेप घेतला. एलिस नास्तिक होते. धर्मश्रद्धेवर त्यांनी कठोर टीका केली होती. त्यांचा उपचार आपण कसा घ्यावा? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. परंतु उत्तरही एलिस यांच्याच आयुष्यात आहे. उत्तरायुष्यात त्यांची भूमिका मवाळ झाली. २००१ मध्ये त्यांनी श्रद्धावान सहलेखकांसमवेत, धार्मिक व्यक्तींना त्यांची श्रद्धा न दुखावता हा उपचार कसा द्यावा, याविषयी ग्रंथ लिहिला. पाप आणि पापी यांत भेद करणारी, पाप्याचा स्वीकार करणारी ख्रिस्ती दृष्टी आपल्या ‘विनाअट स्वीकारा’च्या विचाराला जवळची आहे, हेही त्यांनी मानले. माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हा त्यांचा आग्रह. आपण ज्याला कृपा म्हणतो तिची ही पूर्ण व्याख्या नव्हे. पण तिच्या दाराशी येऊन थांबणारा हा विचार आहे.

आणि पाहावयाचेच असेल तर गेथशेमनीच्या बागेकडे पाहावे. तेथे प्रभू येशू मरणप्राय खिन्न झाला, असे शुभवर्तमान सांगते. ती खिन्नता लपविलेली नाही. तिची लाजही बाळगलेली नाही. शक्य असल्यास दुःखाचा प्याला टळावा, अशी इच्छा तो व्यक्त करतो. पण प्याला टळलाच पाहिजे असे तो म्हणत नाही. त्या प्रार्थनेत इच्छा आहे, ‘च’ नाही. प्रार्थनेचा इतका निरोगी नमुना आपल्यापाशी असताना आपल्या नोव्हेना मात्र पुष्कळदा ‘च’ने भरलेल्या असतात.

त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला दुसऱ्या कलाकृतीकडे नेते. प्रार्थनेला जाताना प्रभूने तिघा शिष्यांना सोबत जागे राहावयास सांगितले. त्याने त्यांच्याकडे उपदेश मागितला नाही. उपायही मागितला नाही. केवळ जागी सोबत मागितली. आणि शिष्यांना झोप लागली.

४.

‘कासव’ची कथा अशा एका जाग्या सोबतीची आहे. २०१६ सालच्या चित्रपटांसाठी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा हा पाचवा मराठी चित्रपट. त्याचे एक निर्माते आणि त्यातील दत्ताभाऊंची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. सुमित्रा भावे यांचे २०२१ मध्ये निधन झाले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्या समाजकार्याच्या क्षेत्रात होत्या आणि ती नजर या चित्रपटात सर्वत्र जाणवते.

जानकी ही मध्यमवयीन स्त्री स्वतः मनाच्या दुखण्यातून गेलेली आहे. कोकणात जाताना तिला रुग्णालयातून पळालेला, तापाने फणफणलेला एक तरुण भेटतो. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेला असतो. ती त्याला समुद्राकाठच्या घरी नेते आणि नाव-गाव न विचारता ठेवून घेते. इरावती हर्षे यांची जानकी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही, उपकाराची जाणीव करून देत नाही. तो उद्धटपणे वागला तरी दुखावल्याचे नाटक करीत नाही. ऐकणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे त्या अभिनयातून उमगते. घाईने समजूत न घालण्याचा संयम म्हणजे ऐकणे. घरातील दुखणेकऱ्याला आपण जी पहिली चार वाक्ये ऐकवितो, ‘तुला काय कमी आहे?’, ‘बाहेर फिरून ये’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’, ‘प्रार्थना कर’, त्यांपैकी एकही वाक्य जानकीच्या तोंडी नाही. या एका गोष्टीसाठी हा चित्रपट प्रत्येक धर्मग्रामात दाखवावा, असे मला वाटते.

कासवाचे रूपक वरवर सोपे वाटते : दुखावलेला जीव कवचात शिरतो. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर कासव-संवर्धन पाहिलेल्याला त्यात आणखी काही दिसेल. ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पिल्लांना ती पुन्हा भेटत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळास येथे अशी अंडी कुंपणात राखण्याचे काम सुरू केले. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. तेव्हा कार्यकर्ते त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. उरलेली वाट पिल्लू आपल्या पायांनी कापते. संवादाच्या उपचाराची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. राखण दुसऱ्याने करावयाची. चालणे ज्याचे त्याने.

तथापि समीक्षकाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चित्रपटातील तरुणाचे दुखणे सौम्य नाही. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला रुग्णालयाची आणि मनोविकारतज्ज्ञाची आवश्यकता असते. समुद्रकिनारा आणि माया यांवर ते काम सोपविता येत नाही. चित्रपटाला हे ठाऊक नाही असे नव्हे. पण त्याचे सौंदर्य असे आहे, की प्रेक्षक प्रेम पुरेसे असते असा निष्कर्ष घेऊन घरी जाऊ शकतो. दुसरे असे, की जानकीपाशी वेळ आहे, पैसा आहे, मोकळे घर आहे. नवीन पनवेल किंवा कामोठ्याच्या दोन खोल्यांत, जेथे आजी, दोन मुले आणि बारावीची पुस्तके एकाच खोलीत नांदतात, तेथे असा किनारा कोठून आणावा? रोज सव्वा तास उभ्याने लोकलचा प्रवास करणाऱ्याच्या वाट्याला जानकी कोठून यावी?

आणि जानकी अशी का वागू शकली? कारण ती स्वतः त्या वाटेने गेलेली होती. तिचा संयम जन्मजात नाही, तो कमावलेला आहे. प्रेक्षकाच्या मनात मात्र तिची माया अधिक ठसते आणि ती कमाई मागे राहते. तेथेच आपल्या भगिनीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

५.

धर्मग्रामातील कुटुंबांपुढे याखेरीज आणखी एक अडसर असतो. ‘आम्हाला पापस्वीकार आहे; मग दुसऱ्या कोणापुढे मन उघडे करण्याची गरज काय?’ चर्चेत हा प्रश्न निघाला, आणि विचारणारी व्यक्ती श्रद्धावान होती.

दोहोंत साम्य आहे, म्हणूनच भेद नीट ओळखला पाहिजे. प्रायश्चित्त संस्कारात माणूस आपला अपराध घेऊन जातो आणि क्षमा घेऊन येतो. समुपदेशनात तो आपले दुखणे घेऊन जातो. दुखणे हा अपराध नाही, म्हणून त्याला क्षमा लागू होत नाही. धर्मगुरूंनी ऐकलेले सर्वथा गुप्त राहते, त्यास अपवाद नाही. मानसिक आरोग्यसेवेत २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर तेथे अपवाद आहे. दोन दारे वेगळी आहेत. एकाने दुसऱ्याचे काम करू नये.

संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव येथे आठवतो. १५२२ मध्ये मानरेसा येथे त्यांना शंकांनी इतके ग्रासले, की जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही शांती मिळेना. जीव देण्याचे विचार येऊ लागले. एवढा मोठा संत, आणि एवढ्या मनापासून केलेला पापस्वीकार. पण ज्या यातनेचे मूळ अपराधात नव्हते, तिचा निचरा वारंवार पापस्वीकार करून झाला नाही.

आपल्या काळातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दोमिनिक वोल्तों यांच्याशी झालेल्या संवादग्रंथात सांगितले, की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते सहा महिने, आठवड्यातून एकदा, अर्जेंटिनातील एका ज्यू स्त्री मनोविश्लेषकेकडे जात असत आणि त्यांना त्याचा उपयोग झाला. ते तेव्हा येशूसंघीय धर्मगुरू होते. परधर्मीय स्त्रीपुढे मन मोकळे केल्याने त्यांची श्रद्धा उणावली नाही. हे त्यांनी लपवून ठेवले असते तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. त्यांनी सांगितले, यातच त्यांचे पौरोहित्य आहे.

६.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. सौम्य दुखण्याच्या माणसाविषयी कोणी लिहिले आहे का? मराठी ललित साहित्यात मला तसे पुस्तक सांगता येत नाही. पण ज्या कथेचे असे पुस्तक व्हावे, ती कथा आपल्या शेजारी घडलेली आहे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘संगात’ ही संस्था स्थापन केली. तिने एक साधा प्रश्न विचारला : मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि दुखणेकरी लाखो, तर मग संवादाचा उपचार सामान्य माणसाला शिकविता येणार नाही का? प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्यग्रस्तांसाठी त्यांनी मानसशास्त्राची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले. सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. भर एकाच गोष्टीवर : दुखण्याने माणसाने सोडून दिलेली लहान लहान कामे, गाठीभेटी, आवडी पुन्हा थोड्या थोड्या सुरू करणे. ४९५ प्रौढांवर केलेल्या या चाचणीचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आला. तीन महिन्यांनंतर हा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक दुखण्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. हे रुग्ण सौम्य नव्हते, बरेच तीव्र होते. म्हणजे जानकीचा संयम आणि एलिस यांची शिस्त या दोन्ही गोष्टी शिकविता येतात, आणि त्या शिकलेला माणूस आरोग्य केंद्राच्या बाकावर बसूनही दुसऱ्याला हात देऊ शकतो. समुद्रकिनाऱ्यावरचे घर लागत नाही. न्यूयॉर्कलाही जावे लागत नाही.

आपल्या दोन्ही कलाकृतींत हा बाक नाही. कादंबरीत प्रश्न विचारणारा आहे, चित्रपटात ऐकणारी आहे. दोघे एकाच खोलीत येत नाहीत. खऱ्या उपचारात ते एकाच व्यक्तीत असावे लागतात. नुसते ऐकणारा सांत्वन करतो, नुसते प्रश्न विचारणारा उलटतपासणी करतो. माझ्या दहा शनिवारांतील पहिले चार बहुतेक ऐकण्यात गेले. ‘च’वरचा वाद नंतर रंगला. तो पहिला प्रश्नही समुपदेशिकेने माझे सारे ऐकून झाल्यावरच विचारला होता. त्या क्रमाचे महत्त्व ज्या मराठी लेखकाला कळेल, तो ते पुस्तक लिहील. ते पुस्तक कदाचित फार थरारक होणार नाही. त्यात कोणी मरणार नाही, कोणी प्रसिद्ध होणार नाही. एक माणूस आठ-दहा आठवडे ठाणे-पनवेल गाडीने जाईल-येईल आणि शेवटी त्याला रात्री झोप लागेल. साहित्याला एवढी गोष्ट पुरू नये का?

तोवर वाट पाहणाऱ्यांसाठी, समीक्षेच्या मर्यादेबाहेरची एक माहिती देतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर मात्र बैठकीची तारीख मिळण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि रुग्णालय गाठावे. कायद्याची भीती बाळगू नये. २०१७ चा कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस समजतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो.

पुढच्या बैठकीस त्या भगिनी आल्या नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात आल्या. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारले, “सर, तुम्ही शनिवारी जात होतात ना, तिथे पहिल्या दिवशी काय बोलायचं असतं?”

मी म्हणालो, “बाई, जे मघाशी सर्वांसमोर बोलायचं राहून गेलं, तेच.”

त्या हसल्या. मी पत्ता लिहून दिला.